चित्रपुस्तक वाचून झालं, आता उरलेल्या तासाचं काय करायचं?

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, मुलं ३४, चित्रपुस्तकाची प्रत एकच. वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरतात, मुलं मन लावून ऐकतातही. पण पुढे काय? मुखवटे करून झाले, छापील बाह्यरेषांत रंग भरून झाले, ‘गोष्टीवर आधारित पाच प्रश्न’ वहीत उतरवून झाले. मुलांना कंटाळा आलाय आणि बाईंनाही. पुस्तकाला जोडून घेता येतील असे उपक्रम त्यांना हवे आहेत.

उपक्रम पन्नास सांगता येतील. त्यातले चाळीस तरी मी करून सोडून दिलेत, म्हणून आधी गाळणी देते, मग उपक्रम. गाळणी एकच: हा उपक्रम करताना मुलाला पुस्तक पुन्हा उघडावं लागेल का? लागत असेल तर तो त्या पुस्तकाचा उपक्रम. पुस्तक कपाटात ठेवूनही तो होत असेल, तर तो हस्तकलेचा किंवा परिसर अभ्यासाचा तास आहे. तो वाईट नाही, पण त्याला वाचन म्हणू नये.

ही गाळणी मला फजितीतून मिळाली. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका हत्तीच्या पुस्तकावर मी अख्खा आठवडा काढला होता. कागदी सोंडा, हत्तीची गाणी, हत्ती काय खातो त्याचा तक्ता, कापसाचा हत्ती. भिंती भरल्या, बघायला आलेल्यांनी कौतुक केलं. शनिवारी मी सहज विचारलं, ‘तो हत्ती नदीवर का गेला होता रे?’ वर्ग गप्प. मग मागून एक जण म्हणाला, ‘बाई, माझी सोंड सुटली. डिंक नीट लागलाच नव्हता.’ आठवड्याभरातलं त्याला आठवत होतं ते डिंकाचं. पुस्तक आम्ही सोमवारी एकदा वाचून बाजूला ठेवलं होतं.

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून एकाच पुस्तकाचं उदाहरण घेते. ते दुकानात मिळणार नाही. मी माझ्या वर्गासाठी मोठ्या पाठकोऱ्या कागदांवर स्वतः काढलेलं आहे. गोष्ट एवढीच: आजीच्या पेटीची किल्ली हरवते. घरातले सगळे शोधायला लागतात. प्रत्येक पानावर एकच ओळ, ‘उशीखाली पाहिलं. नाही.’ पान उलटलं की ‘कपाटामागे पाहिलं. नाही.’ चित्रांत मात्र कुठे ना कुठे एक मांजर आहे आणि तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला किल्ली अडकलेली आहे. मजकुरात मांजरीचा उल्लेख एकदाही येत नाही. शेवटी आजी दमून बसते, मांजर मांडीवर येते आणि शेवटच्या पानावर पेटी उघडलेली दिसते. आजी आणि नात आत डोकावतायत. आपल्याला दोघींचे चेहरे दिसतात, पेटीच्या आतलं दिसत नाही. (माझं चित्र यथातथाच. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाला मांजर ससा वाटली होती. त्याचाही उपयोग झाला, पुढे सांगते.)

मुद्दाम असं पुस्तक घेतलं, कारण चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकमेकांची नक्कल करत नाहीत. शब्दांना जे माहीत नाही ते चित्राला माहीत असतं. कधी उलटही असतं. तुमच्या हातातल्या पुस्तकात असं अंतर कुठे आहे ते आधी घरी एकट्याने शोधा. ज्या पानावर शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरंच काही दाखवतं, तिथेच उपक्रम दडलेला असतो. असं एकही पान सापडलं नाही, तर बहुधा पुस्तकच बदललेलं बरं.

आता पहिलं वाचन. ३४ मुलं आणि एक प्रत म्हणजे अर्धी लढाई बसण्याचीच. बाकांवरून उठवा, जमिनीवर दोन अर्धवर्तुळांत बसवा. पुढची मांडी घालून, मागची गुडघ्यांवर. पुस्तक स्वतःच्या छातीशी धरून वरून डोकावत वाचण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. त्यात पुस्तक हलत राहतं आणि कडेच्या मुलांना नुसती चकाकी दिसते. पुस्तक एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि पाठ खिडकीकडे नको. तरीही मागच्यांना दिसत नसेल तर वर्गाचे दोन गट करून दोनदा वाचा. वीस मिनिटं जातील, जाऊ द्यात. ज्याला चित्र दिसलंच नाही, त्याच्यासाठी पुढचे सगळे उपक्रम फुकट आहेत.

सुरुवातीला मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकत्र उघडून दाखवा. कित्येक पुस्तकांत ते मिळून एकच चित्र असतं. लेखकाइतकंच स्पष्टपणे चित्रकाराचंही नाव वाचा. आतली पुस्तनी, म्हणजे कव्हराला चिकटवलेला तो रंगीत कागद, झटकन उलटू नका. चित्रकार तिथे बऱ्याचदा काहीतरी पेरून ठेवतो. माझ्या पुस्तकात पुढच्या पुस्तनीवर मांजरीच्या पावलांचे ठसे पेटीकडे जाताना दिसतात, मागच्या पुस्तनीवर पेटीपासून लांब. कोणी सांगितल्याशिवाय हे मुलांच्या लक्षात यायला सहसा तिसरं वाचन उजाडतं, आणि ते तसंच उजाडू द्यावं.

पहिल्या वाचनात प्रश्न विचारायचे नाहीत. हे मी जरा ठामपणे सांगते, कारण दर पानाला ‘आता काय होईल बरं?’ विचारण्याची पद्धत फार बोकाळली आहे. गोष्टीला स्वतःची चाल असते आणि पान उलटणं हा त्या चालीतला ठोका असतो. त्याच्या आत आपण तीन प्रश्न घुसवले की ठोका चुकतो. किल्लीचं पुस्तक वाचताना चौथ्या पानापासून मुलं ओरडायला लागतात, ‘बाई, मांजर! मांजरीकडे आहे!’ मी ऐकूच आलं नाही असा चेहरा करते आणि वाचते, ‘टोपलीत पाहिलं. नाही.’ वर्ग अक्षरशः उठून उभा राहतो. आपल्याला कळलंय आणि बाईंना, आजीला, पुस्तकातल्या शब्दांनाही कळलेलं नाही, हा आनंद मुलांना पूर्ण घेऊ द्या. पुस्तक मिटल्यावर मात्र अर्धा मिनिट काहीही बोलू नका. पहिलं वाक्य मुलांकडून येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा वाचायचं. ‘कालच वाचलं की’ असं मुलं क्वचित म्हणतात, म्हणतो आपणच. २०११ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. काही मुलांना तीन वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना एकच गोष्ट तीनदा. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले होते. ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या. आमची मुलं वयाने मोठी आहेत, पण वर्गात माझा अनुभव वेगळा नाही. गोष्टीत काय होणार हे एकदा कळलं की मुलाचं लक्ष इतर गोष्टींसाठी मोकळं होतं. आठवड्याला पाच पुस्तकं संपवण्यापेक्षा एक पुस्तक पाच दिवस पुरवावं, असं माझं मत त्यामुळेच झालं.

दुसऱ्या दिवसाचं काम चित्रवाचनाचं, आणि सगळ्या उपक्रमांत माझा जीव यात सर्वात जास्त आहे. साहित्य एकच: पुस्तकाच्या पानापेक्षा मोठा एक पुठ्ठा, त्यात काडेपेटीएवढी खिडकी कापलेली. एक पान निवडा, पुठ्ठ्याने झाका आणि खिडकीतून फक्त एक तुकडा दाखवा. मग खिडकी हळूहळू सरकवा. किल्लीच्या पुस्तकातलं पाचवं पान मी असं दाखवते. आधी खिडकीत येतं पडद्याचं टोक, मग जमिनीवरची सावली, मग एक शेपूट. पूर्ण चित्र एका नजरेत आलं असतं तर सावलीकडे कोणीच पाहिलं नसतं.

प्रश्न तीनच. ‘या चित्रात काय चाललंय?’ ‘तुला असं कशावरून वाटलं?’ ‘आणखी काय काय दिसतंय?’ हे माझे नाहीत. अॅबिगेल हाउसेन या मानसशास्त्रज्ञ आणि कलासंग्रहालयात शिक्षणाचं काम करणारे फिलिप येनावाइन यांनी चित्र पाहायला शिकवण्याची जी पद्धत बांधली, तिचा हा कणा आहे. मधला प्रश्न सर्वात मोलाचा. मांजर ससा वाटली होती, ते इथे उपयोगी पडलं. एक मुलगा म्हणाला, ससा आहे. कशावरून? ‘कान उभे आहेत.’ दुसरी म्हणाली, मांजर. कशावरून? ‘शेपूट लांब आहे. सशाचं एवढंसं असतं.’ तिसरा पुढे येऊन पान निरखत म्हणाला, ‘मिशा दोघांना असतात, मिशांवरून नाही सांगता येणार.’ दुसरीतला मुलगा कोणता पुरावा चालेल आणि कोणता चालणार नाही हे सांगत होता! मी निकाल दिला नाही. आजही देत नाही. चित्रकार मीच असल्यामुळे हा मोह आवरणं जड जातं, एवढंच.

इथे आपली सर्वात मोठी अडचण आपलीच घाई असते. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे किती हे वर्गात उभं राहून मोजून बघा. जीव कासावीस होतो. मी पाठीमागे हात ठेवून एकेक बोट दुमडत जाते. मूल बोलून थांबल्यावरही तेवढंच थांबायचं. खरं वाक्य पुष्कळदा त्या दुसऱ्या थांब्यानंतर येतं.

आणि उत्तर आलं की ‘शाब्बास’ म्हणून पुढे पळू नका. मुलाचंच वाक्य थोडं वाढवून त्याला परत द्या. ‘मांजर पळाली’ असं कोणी म्हणालं तर ‘हो, किल्ली घेऊन मांजर पडद्यामागे पळाली’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनावरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पालकांना मुख्यतः हेच शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारा, मुलाचं बोलणं पुढे न्या, वाचनात मुलाला गोष्ट सांगणारं होऊ द्या. महिन्याभरात त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. अभ्यास घरातला आणि छोट्या मुलांवरचा आहे, तरी वाक्य वाढवून देण्याची युक्ती ३४ जणांच्या वर्गातही चालते. शिवाय ज्यांच्या घरची बोली वेगळी आहे त्यांना ‘असं नाही, तसं म्हण’ न ऐकता प्रमाण वाक्य कानावर पडतं.

अक्षरओळख याच दिवशी थोडी उरकून घ्यावी. आपण वाचत असताना लहान मुलांचे डोळे बहुतेक सगळा वेळ चित्रावर असतात, अक्षरांवर फार थोडा. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलंय. म्हणून एखादा परत परत येणारा शब्द मुलांच्या ताब्यात द्या. माझ्या पुस्तकात तो ‘नाही’. मी त्या शब्दाखाली बोट ठेवून गप्प बसते, वर्ग वाचतो. पाचव्या पानापर्यंत पहिलीतलं जवळजवळ प्रत्येक मूल तो शब्द ओळखतं. याहून जास्त अक्षरं या पुस्तकातून काढायच्या भानगडीत मी पडत नाही. गोष्टीचं शुद्धलेखन करायला घेतलं की गोष्ट संपते.

तिसरा दिवस हलण्याबोलण्याचा. आधी शोधाशोध: वर्गात खरी किल्ली लपवायची. एक मूल बाहेर जातं, बाकीच्यांना जागा माहीत असते. आत आल्यावर ते विचारतं, ‘दप्तरात आहे का?’ आणि वर्ग पुस्तकातल्या सुरात म्हणतो, ‘दप्तरात पाहिलं. नाही.’ वरवर हा खेळ आहे. पण ऐकत राहिलात तर कळेल की मुलं अर्धा तास मराठीतल्या सामान्यरूपांशी झुंजतायत. ‘डबात’, ‘फळामागे’, ‘पडदामागे’ असं पहिलीतलं, विशेषतः घरी दुसरी भाषा बोलणारं मूल हमखास म्हणतं. मी दुरुस्त करत नाही. खेळाचा नियमच असा की वर्गाने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, त्यामुळे ‘डबात आहे?’ याला तीस आवाज उत्तर देतात, ‘डब्यात पाहिलं. नाही.’ दुसरीतल्यांसोबत नंतर फळ्यावर दोन रकान्यांत शब्द मांडते: डबा, फळा, पडदा, पंखा एका बाजूला, उशी, पेटी, टोपली, खुर्ची दुसऱ्या बाजूला. समोर डब्यात, फळ्यामागे, पडद्यामागे, पंख्यावर आणि उशीखाली, पेटीत, टोपलीत, खुर्चीखाली. एकदा एक मुलगी म्हणाली होती, ‘पहिल्या बाजूचे शब्द वाकतात, दुसऱ्या बाजूचे नाही वाकत.’ सामान्यरूपाची इतकी सुटसुटीत ओळख मला कुठल्या व्याकरणात मिळाली नव्हती. ‘कपाट’ कुठे घालायचं यावर त्या दिवशी भांडण झालं, ते मी तसंच राहू दिलं.

दुसरा भाग नाटकाचा. पाठांतराचं, पोशाखाचं नाटक नको. ते तीन हुशार मुलं करतात आणि एकतीस जण बघतात. मी खांद्यावर शाल टाकते आणि सांगते, शाल असेपर्यंत मी आजी आहे, काढली की बाई. मुलं आजीला प्रश्न विचारतात. ब्रिटनमधल्या डोरोथी हीथकोट यांनी नाट्यशिक्षणात शिक्षकाने स्वतः पात्र होण्याचं हे तंत्र रुजवलं. ते करताना अभिनय येण्याची गरज नाही, फक्त पात्राला जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं. आजीला मांजरीचं माहीत नाही! त्यामुळे ‘आजी, तुमची मांजर कुठेय?’ असं एकाने विचारलं की मी म्हणते, ‘ती होय, असेल इथेच कुठे. तिचं काय मध्येच?’ मुलांची जी तगमग होते ती बघण्यासारखी असते. एरवी तोंड न उघडणारी मुलं आजीशी बोलतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

स्तब्धचित्रही छान जमतं. चार-पाच जणांनी पुस्तकातलं एक पान देहांनी उभं करायचं आणि गोठायचं. मी ज्याच्या खांद्याला हात लावेन त्याने त्या पात्राच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. पान हुबेहूब उभं करायला मुलं आपसूक पुस्तकाकडे धावतात, ‘नातीचा हात वर आहे की खाली?’ गाळणीतून हा उपक्रम सहज पार होतो.

एक प्रत सगळ्यांच्या हाताला लागावी म्हणून या दिवसापासून मी सहा-सहा जणांचे गट करते. एका गटाकडे दहा मिनिटं पुस्तक, बाकीच्यांकडे दुसरं काम. पुस्तकाच्या गटाला एकच मोहीम: प्रत्येक पानावर मांजर कुठे होती हे बघून घराचा नकाशा काढा आणि तिची वाट दाखवा. कोणती खोली कशाला लागून आहे हे पुस्तकात कुठेच सांगितलेलं नाही. दारातून दिसणारा पलंगाचा कोपरा, खिडकीबाहेरचं झाड, अशा खुणांवरून ठरवावं लागतं. सहा गटांचे सहा वेगळे नकाशे येतात. मग कोणाचा बरोबर, यावर वाद घालायला पुस्तक उघडावंच लागतं.

गणित आणि विज्ञान यांना प्रत्येक पुस्तकात ओढून आणू नका. गोष्टीत किल्ली आहे म्हणून लोहचुंबकाचा प्रयोग, मांजर आहे म्हणून पाळीव प्राण्यांची यादी, हे आराखड्यातले रकाने भरायला चांगलं असतं. मोजणी, क्रम, नकाशा हे गोष्टीच्या पोटातूनच आलं तर घ्यावं. बाकीचं त्या-त्या तासाला.

लेखन चौथ्या दिवशी. ‘गोष्ट तुमच्या शब्दांत लिहा’ असं मी आता सांगत नाही. गोष्ट आधीच चांगल्या शब्दांत लिहिलेली आहे, मुलाने ती वाईट शब्दांत पुन्हा का लिहावी? जे पुस्तकात लिहायचं राहिलंय ते लिहायला द्या. इथे काय राहिलंय ते उघड आहे: मांजरीची बाजू. ‘उशीखाली पाहिलं. नाही.’ या ओळीखाली त्या क्षणी मांजर काय म्हणत असेल, एवढं एक वाक्य. पहिलीतल्यांसाठी फुग्यात एक शब्दही चालतो. दुसरीतल्यांकडून ‘हरवली आहे’ अशी सूचनापाटी करून घेते. किल्ली कशी दिसते हे लिहायचं, आणि त्यासाठी पुन्हा चित्र बघायला यावं लागतं: दात किती, कडी गोल की चौकोनी.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, आपण लिहायचं. आणि लिहायचं म्हणजे जसंच्या तसं. मुलगी म्हणाली ‘मी न्हाई दिली’, तर कागदावर ‘मी न्हाई दिली’. आपण ‘मी नाही दिली’ लिहून तिला वाचून दाखवलं की तिच्या लगेच लक्षात येतं, हे माझं नाही. आपलं बोलणं कागदावर तसंच उमटतं आणि उद्या वाचलं तरी तसंच राहतं, लिहिणं म्हणजे काय हे तिला इथे पहिल्यांदा कळत असतं. प्रमाणभाषेला पुढे वर्षं पडली आहेत.

पाचव्या दिवशी स्वतःचं पुस्तक. एकाच कागदाचं आठ पानी पुस्तक कसं करायचं ते अनेकांना माहीत असतं, तरी सांगते, कारण काप चुकला की सगळं फिसकटतं. कागद आडवा धरा. लांब कडेला लांब कड जुळवून घडी घाला, उघडा. मग आखूड कडा जुळवून मधोमध घडी, आणि दोन्ही आखूड कडा या मधल्या घडीला आणून आणखी दोन घड्या. उघडलं की आठ चौकोन दिसतील. आता आखूड कडा जुळवून अर्ध्यात दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवरून, पहिल्या उभ्या घडीपर्यंतच कापा. पुढे अजिबात नाही. उघडा, लांबीत पुन्हा दुमडा, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर चौकोनासारखी उघडते आणि पानं एकमेकांवर बसतात. कापायचं काम पहिलीत मी करते.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून आत सहाच पानं मिळतात, आणि खरी गंमत तीच. मुलांना गोष्ट सहा पानांत बसवावी लागते. छापील चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानी असतात ते याच कारणाने: मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून दुमडला की सोळा पानांचा एक जुडगा होतो, दोन जुडगे म्हणजे बत्तीस. चित्रकारालाही पानं हवी तेवढी मिळत नाहीत, हे ऐकून मुलांना बरं वाटतं. मी एकच अट घालते: उजव्या पानावर प्रश्न पडला पाहिजे आणि उत्तर पान उलटल्यावरच दिसलं पाहिजे. मुलं लगेच पहिल्या पुस्तकाकडे जाऊन तपासतात की मी ते कसं केलंय. ‘बाई, तुमच्या नवव्या पानावर आधीच कळतंय,’ असंही ऐकून घ्यावं लागलंय. बरोबर होतं त्यांचं. ते पान मी नंतर बदललं.

पुस्तक संपल्यावर ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न नको. मला त्याचा राग आहे. मुलं दोन महिन्यांत ओळखतात की इथे ‘खोटं बोलू नये’ किंवा ‘वस्तू जागेवर ठेवाव्यात’ असं काहीतरी म्हटलं की बाई खूश होतात आणि तास सुटतो. त्यानंतर ती कुठलंही पुस्तक तात्पर्य शोधत ऐकतात, मांजर बघत नाहीत. त्याऐवजी विचारा, तुला काय कळलं नाही? काय खटकलं? मला एकीने विचारलं होतं, ‘आजीने कुलूप का नाही तोडलं?’ त्यावर एक अख्खा तास चालला.

तिसरी-चौथीची मुलं चित्रपुस्तक बघून ‘हे लहानांचं आहे’ म्हणतात. त्यांना कारागिरीचे प्रश्न द्या. या पानावर आपण वरून बघतोय की जमिनीवरून? आजी इथे एवढी छोटी का काढली? रंग कोणत्या पानापासून बदलले? गोष्टीपेक्षा जास्त रस त्यांना ‘हे कसं केलं’ यात असतो. दृष्टी कमी असलेलं मूल वर्गात असेल तर जोडीदाराने त्याला चित्र सांगायचं आणि त्याने प्रश्न विचारत जायचे. माझ्या वर्गात ही जोडी सगळ्यात बारीक बघणारी निघाली, कारण ‘मांजर आहे’ एवढ्यावर तो सोडायचाच नाही. कुठे तोंड करून बसलीय, डोळे उघडे आहेत का, सगळं सांगावं लागायचं.

नोंद ठेवायची तर रकान्यांचा तक्ता नको. रोज चार मुलांचं प्रत्येकी एक वाक्य, त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट वहीत उतरवा. ३४ मुलं नऊ दिवसांत होतात. ‘मिशांवरून नाही सांगता येणार’ हे वाक्य माझ्या वहीत तसंच आहे. त्या मुलाच्या पालकांना दाखवायला मला दुसरं काही लागलं नाही.

शेवटचा उपक्रम पेटीचा. पुस्तक सांगत नाही आत काय आहे, तेव्हा प्रत्येकाने कागदाच्या एका तुकड्यावर ते काढायचं, घडी घालायची आणि वरून फक्त पेटीचं झाकण काढायचं. अट एवढीच की आजी आणि नातीच्या चेहऱ्यावर जे हसू आहे ते आतल्या वस्तूशी जुळलं पाहिजे, म्हणजे परत एकदा शेवटचं पान बघून यायचं. दाखवायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक जण दाखवतात: दागिने, जुने फोटो, मांजरीची पिल्लं. गेल्या वर्षी एका मुलीने घडी चारही बाजूंनी डिंकाने चिकटवून टाकली. मी म्हटलं, आता तुलाही उघडता येणार नाही. ती म्हणाली, ‘मला माहितीये ना आत काय आहे.’